विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कमध्येच अपडेट पॅक कसे बसवायचे: डाउनलोडपासून तयार पेनड्राइव्हपर्यंत

जून-जुलै आला की मराठवाड्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत आणि सेवा केंद्रांत एकच धांदल असते. अकरावीचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि पीकविमा सगळं एकाच वेळी येतं. त्यातच एखाद्या पीसीवर नवी विंडोज टाकलेली असते. ती पहिल्याच दिवशी अपडेट ओढायला बसते, नेट दमतं, मशीन दोनदा रीस्टार्ट होतं आणि काउंटरसमोरची रांग रस्त्यापर्यंत जाते. लातूर-नांदेडच्या क्लासेसमधल्या ऑनलाइन टेस्टच्या लॅबमध्ये हेच वीस-तीस पटींनी घडतं. २० कॉम्प्युटरनी प्रत्येकी २ जीबी ओढले तरी ४० जीबी डेटा गेला, आणि तोही एकाच वायफायवरून.

यावर उपाय जुनाच आहे. अपडेट विंडोज टाकल्यानंतर न टाकता, विंडोजच्या डिस्कमध्येच आधी मुरवून ठेवायचे. विंडोज २०००-एक्सपीच्या काळात सर्व्हिस पॅक असा डिस्कमध्ये घालत, तेव्हापासून याला स्लिपस्ट्रीम म्हणतात. आता हे काम विंडोजमध्येच असलेलं डिस्म नावाचं साधन करतं. खाली विंडोज ११ ची २४एच२ (२०२४ च्या उत्तरार्धातली), ६४ बिट आवृत्ती धरून पूर्ण कृती दिली आहे. विंडोज १० आणि ७ चं वेगळं तेवढं शेवटी आहे.

दोन-तीन कॉम्प्युटरच असतील तर या खटाटोपात पडू नका. पाच-सहापेक्षा जास्त मशीन असतील, किंवा महिन्याला तेवढे फॉरमॅट होत असतील, तरच ही मेहनत वसूल होते.

आधी जमवाजमव

मूळ आयएसओ, म्हणजे आख्खी इन्स्टॉलेशन डिस्क एकाच फाइलमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. टेलिग्रामवर ‘ॲक्टिव्हेट केलेली, अपडेटसह तयार’ म्हणून फिरणाऱ्या आयएसओंत काय काढलंय आणि काय घातलंय, हे तपासायला तुमच्याकडे काहीच साधन नसतं. मूळ फाइल उतरल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयूटिल -हॅशफाइल’ आज्ञेला फाइलचं नाव आणि शेवटी ‘एसएचए२५६’ द्या. आलेली लांबलचक संख्या डाउनलोड पानावरच्या संख्येशी जुळवा. अर्धवट उतरलेली आयएसओ इथेच सापडते, नाहीतर ती चार तासांनंतर सापडते.

मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवलेल्या आयएसओत ‘इन्स्टॉल.ईएसडी’ असते, तर साइटवरून थेट घेतलेल्या आयएसओत ‘इन्स्टॉल.विम’. या फाइलीत आख्खी विंडोज दाबून भरलेली असते, तिलाच पुढे प्रतिमा म्हटलं आहे. ईएसडी अतिदाबलेली असल्याने ती उघडून त्यात बदल करता येत नाही. आधी ती विममध्ये बदलावी लागते. म्हणून थेट आयएसओच घेतलेली बरी.

जागा किमान ५० जीबी मोकळी हवी. ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजचं नेहमीचं फॉरमॅट) हवा आणि शक्यतो एसएसडी. पेनड्राइव्हवर किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये हे काम करू नका. डिस्म हजारो बारीक फाइली मोकळ्या करतं आणि पुन्हा बांधतं. जुन्या हार्डडिस्कवर हे काम रात्रभर चालतं. एसएसडीवर साधारण अर्धा-पाऊण तासात एक आवृत्ती होते.

विजेचं आधी पाहा. कमिट, म्हणजे केलेले बदल विम फाइलमध्ये जतन करणं, चालू असताना लाइट गेली तर ती फाइल अर्धवट राहते. डेस्कटॉप यूपीएसवर हवा. लॅपटॉप चार्जरला लावून स्लीप आणि हायबरनेट बंद ठेवा. मे महिन्यात भरदुपारी पत्र्याच्या दुकानात हे काम काढू नये. उन्हात लॅपटॉप तापून प्रोसेसर स्वतःच मंदावतो आणि दीड तासाच्या कामाला तीन तास लागतात. सकाळी सुरू करा.

आणखी एक अट अशी की काम ज्या मशीनवर करायचं त्यावरचं डिस्म हे डिस्कमधल्या विंडोजइतकं किंवा त्याहून नवं हवं. विंडोज १० वर बसून विंडोज ११ ची डिस्क बनवायची असेल तर मायक्रोसॉफ्टचा एडीके हा साधनसंच उतरवून त्यातला ‘डिप्लॉयमेंट टूल्स’ एवढाच भाग टाका. नवं डिस्म त्यात मिळतं, आणि शेवटी आयएसओ बांधायला लागणारं ‘ओएससीडीआयएमजी’ही त्यातच आहे.

कोणते पॅक लागतात

मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग ही साइट सर्वांना खुली आहे, लॉगिन लागत नाही. तिथून चार प्रकारच्या फाइली घ्यायच्या.

पहिला मासिक क्युम्युलेटिव्ह पॅक. हा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी निघतो, म्हणजे आपल्याकडे त्याच रात्री साडेदहा-साडेअकराच्या सुमारास. आधीच्या सगळ्या महिन्यांचं त्यात आलेलं असतं, म्हणून शेवटचा एकच घ्यायचा. निघाल्या निघाल्या मात्र घेऊ नका, आठवडाभर थांबा. एखादा पॅक प्रिंटर बंद पाडणारा निघालाच, तर तोवर बोंब झालेली असते. चौथ्या आठवड्यात ‘प्रीव्ह्यू’ नावाचा पॅक येतो, तो डिस्कमध्ये घालायचा नाही.

दुसरा डॉटनेट फ्रेमवर्कचा, म्हणजे बऱ्याच सॉफ्टवेअरना चालायला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या भागाचा, क्युम्युलेटिव्ह पॅक. २४एच२ साठी तो ३.५ आणि ४.८.१ मिळून एक असतो.

तिसरा ‘सेफ ओएस डायनॅमिक अपडेट’. हा रिकव्हरीच्या भागासाठी असतो. चौथा ‘सेटअप डायनॅमिक अपडेट’, तो विंडोज टाकणाऱ्या सेटअपच्या फाइली नव्या करतो. हे दोन्ही लहान असतात आणि कॅब स्वरूपात (दाबलेल्या फाइलींचा गठ्ठा) येतात.

नाव नीट वाचून घ्या. एक्स६४ च्या (इंटेल-एएमडी प्रोसेसर) शेजारीच एआरएम६४ ची (एआरएम प्रोसेसर) फाइल असते, आणि घाईत तीच उतरते. मग डिस्म ‘०एक्स८००एफ०८१ई’ दाखवतं, म्हणजे हा पॅक या प्रतिमेला लागू नाही. २३एच२ चा पॅक २४एच२ ला दिला तरी हाच आकडा येतो.

२४एच२ मध्ये एक मेख आहे. सप्टेंबर २०२४ चा केबी५०४३०८० क्रमांकाचा पॅक हा ‘चेकपॉइंट’ आहे, आणि त्यानंतरचे मासिक पॅक त्याच्या पायावर उभे असतात. तुमची आयएसओ त्याहून जुनी असेल तर दोन्ही लागतात. म्हणून कॅटलॉगमध्ये डाउनलोड दाबलं की एकाऐवजी दोन फाइली दिसतात. दोन्ही उतरवा आणि एकाच फोल्डरमध्ये ठेवा. त्या फोल्डरमध्ये तिसरी एमएसयू फाइल (मासिक पॅक याच स्वरूपात येतो) मात्र ठेवू नका. डॉटनेटचा पॅकही वेगळ्या फोल्डरमध्येच हवा. आज्ञेत फक्त नव्या मासिक पॅकचं नाव द्यायचं, चेकपॉइंट डिस्म स्वतः शेजारून उचलतं.

फोल्डर आणि आज्ञा लिहिण्याची रीत

डी ड्राइव्हवर ‘काम’ नावाचं फोल्डर करा. त्यात ‘मूळ’, ‘पॅक’, ‘माउंट’, ‘माउंट२’ आणि ‘तयार’ ही फोल्डर, आणि ‘पॅक’मध्ये ‘मासिक’, ‘डॉटनेट’, ‘सेफ’, ‘सेटअप’. इथं सगळ्या आज्ञा आणि नावं देवनागरीत लिहिली आहेत, फोनवर एकमेकांना सांगतो तशी. प्रत्यक्ष टाइप करताना हेच शब्द इंग्रजी अक्षरांत टाकायचे, आणि फोल्डरची नावंही इंग्रजी अक्षरांतच, मध्ये जागा न सोडता. डेस्कटॉपवरच्या मराठी नावाच्या फोल्डरमध्ये हे काम करायला जाऊ नका.

आयएसओवर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते. आतलं सगळं ‘मूळ’मध्ये कॉपी करा. डीव्हीडीवरून कॉपी केलं असेल तर फाइलींना ‘रीड ओन्ली’ चिकटलेलं असतं, आणि पुढे डिस्म ‘या प्रतिमेत बदल करायची परवानगी नाही’ म्हणतं. ‘मूळ’ फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधली ती खूण काढली की झालं.

कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नेच उघडायचा. ७४० क्रमांकाची चूक आली तर हेच राहून गेलेलं असतं. डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसच्या एक्सक्लूजनमध्ये (तपासायचं नाही अशा यादीत) ‘काम’ फोल्डर टाकून ठेवा. नाहीतर मोकळी होणारी प्रत्येक फाइल तो तपासत बसतो आणि वेळ कितीतरी वाढतो. काम झालं की एक्सक्लूजन काढायला विसरू नका.

आवृत्त्या निवडणे

एकाच इन्स्टॉल.विममध्ये होम, प्रो, एज्युकेशन अशा बऱ्याच आवृत्त्या भरलेल्या असतात. यादी पाहण्यासाठी:

डिस्म /गेट-इमेजइन्फो /इमेजफाइल:डी:\काम\मूळ\सोर्सेस\इन्स्टॉल.विम

प्रत्येक आवृत्तीला एक इंडेक्स क्रमांक असतो. तो यादीत पाहूनच घ्या, दुसऱ्याच्या लेखातून उचलू नका, या लेखातूनही नाही. पॅक प्रत्येक आवृत्तीत वेगळा बसवावा लागतो, म्हणून लागतील तेवढ्याच ठेवायच्या. आपल्याकडे दोन पुरतात: प्रो आणि होम सिंगल लँग्वेज. दुसरी सहज वगळली जाते आणि तिथेच फसगत होते. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये) होम सिंगल लँग्वेजचीच की असते. सेटअप ती की वाचतं, डिस्कमध्ये ती आवृत्ती शोधतं, आणि सापडली नाही की ‘दिलेली प्रॉडक्ट की कोणत्याही प्रतिमेशी जुळत नाही’ असं सांगून थांबतं. पेनड्राइव्ह खराब समजून लोक दिवस घालवतात.

हव्या त्या आवृत्त्या नव्या विममध्ये काढून घ्या. समजा यादीत पहिलीचा क्रमांक ३ आहे:

डिस्म /एक्सपोर्ट-इमेज /सोर्सइमेजफाइल:डी:\काम\मूळ\सोर्सेस\इन्स्टॉल.विम /सोर्सइंडेक्स:३ /डेस्टिनेशनइमेजफाइल:डी:\काम\पाया.विम /कॉम्प्रेस:मॅक्स

दुसऱ्या आवृत्तीसाठी हीच आज्ञा तिचा क्रमांक घालून द्या. ती त्याच ‘पाया’ फाइलमध्ये दुसरी म्हणून जोडली जाते. इन्स्टॉल.ईएसडी असेल तर रूपांतरही याच आज्ञेने होतं, सोर्सच्या जागी ईएसडीचं नाव द्या. या ‘पाया’ फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवा. पुढच्या वेळी याच प्रतीपासून सुरुवात करायची, पॅक बसवलेल्या फाइलपासून नाही. त्याच प्रतिमेवर महिन्यामागून महिना थर चढवत गेलं की ती फुगते, आणि बिघाड झालाच तर तो कोणत्या महिन्यातला हे कळत नाही.

मुख्य काम: प्रतिमा उघडणे आणि पॅक बसवणे

डिस्म /माउंट-इमेज /इमेजफाइल:डी:\काम\पाया.विम /इंडेक्स:१ /माउंटडिर:डी:\काम\माउंट

‘माउंट’ फोल्डर रिकामं असायला हवं. आज्ञा पूर्ण झाली की त्यात विंडोज, यूजर्स, प्रोग्रॅम फाइल्स अशी ओळखीची फोल्डर दिसतील. ती एक्सप्लोररमध्ये उघडून बसू नका, याचं कारण पुढे येईल.

आता क्रम. सगळ्या कामात चुका सर्वांत जास्त इथे होतात, म्हणून एकेक पायरी का ते सांगतो.

सुरुवात रिकव्हरीपासून. प्रतिमेच्या पोटात विंडोज\सिस्टम३२\रिकव्हरी या फोल्डरमध्ये विनआरई.विम नावाची आणखी एक छोटी विंडोज असते. फाइल लपवलेली असते, लपलेल्या आणि सिस्टम फाइली दाखवायचं सेटिंग चालू केल्याशिवाय दिसत नाही. ती ‘काम’मध्ये कॉपी करा आणि ‘माउंट२’वर उघडा. आधी मासिक पॅक द्या, मुख्यतः त्यातला सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे पॅक बसवणारी यंत्रणा, नवी व्हावी म्हणून. मग सेफ ओएसची कॅब:

डिस्म /इमेज:डी:\काम\माउंट२ /ॲड-पॅकेज /पॅकेजपाथ:डी:\काम\पॅक\सेफ\फाइलचेनाव.कॅब

पहिल्या पॅकच्या वेळी ‘०एक्स८००७००७ई’ आला तर घाबरू नका. एकत्रित पॅकचा तो माहीत असलेला दोष आहे आणि तो सोडून पुढे जायला हरकत नाही. नंतर सफाई करून कमिटसह अनमाउंट करा, विनआरई एक्सपोर्ट करून बारीक करा आणि पहिल्या माउंटमधल्या जुन्या फाइलच्या जागी ठेवा. सगळ्या आवृत्त्यांत विनआरई सारखीच असते. एकदा तयार केली की दुसऱ्या आवृत्तीत नुसती कॉपी केली तरी चालते.

मराठीचा भाषा पॅक किंवा दुसरं एखादं ऐच्छिक फीचर घालायचं असेल तर ते आता, मासिक पॅकच्या आधी. भाषा पॅकमधल्या फाइली मूळ आवृत्तीच्या असतात. मासिक पॅक नंतर बसला की त्याही नव्या होतात. उलट क्रमाने केलं तर मासिक पॅक पुन्हा द्यावा लागतो. नुसतं मराठी टायपिंग हवं असेल तर यातलं काहीच लागत नाही, इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये असतोच.

मग मासिक पॅक:

डिस्म /इमेज:डी:\काम\माउंट /ॲड-पॅकेज /पॅकेजपाथ:डी:\काम\पॅक\मासिक\फाइलचेनाव.एमएसयू

टक्केवारी एखाद्या आकड्यावर बराच वेळ अडकल्यासारखी दिसते. ती अडकलेली नसते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कची हालचाल दिसतेय तोवर हात लावू नका. कंट्रोल-सी दाबून अर्ध्यात तोडलेली प्रतिमा टाकूनच द्यावी लागते.

त्यानंतर लगेच सफाई:

डिस्म /इमेज:डी:\काम\माउंट /क्लीनअप-इमेज /स्टार्टकंपोनंटक्लीनअप /रीसेटबेस

नव्या पॅकमुळे निकामी झालेल्या जुन्या फाइली यातून निघतात. रीसेटबेस दिला की पुढे या विंडोजमधून तो पॅक काढता येत नाही. दुकानासाठी ते चालतं. एखाद्या कार्यालयात पॅक मागे घेण्याची सोय ठेवायची असेल तर तो शब्द वगळा.

डॉटनेट ३.५ सफाईनंतर. जुनी अकाउंटिंगची सॉफ्टवेअर आणि काही बायोमेट्रिक यंत्रांच्या युटिलिटी अजूनही तेच मागतात, आणि ते नेटवरून ओढायला जातात. डिस्कमध्येच चालू करून ठेवलं तर तो ताप वाचतो:

डिस्म /इमेज:डी:\काम\माउंट /एनेबल-फीचर /फीचरनेम:नेटएफएक्स३ /ऑल /लिमिटॲक्सेस /सोर्स:डी:\काम\मूळ\सोर्सेस\एसएक्सएस

हे सफाईच्या आधी केलं तर सफाई ‘०एक्स८००एफ०८०६’ दाखवून नाकारते. फीचर चालू झालं की काही काम पहिल्या बूटपर्यंत बाकी राहतं, आणि बाकी काम असताना सफाई होत नाही. म्हणून आधी सफाई, मग ३.५, आणि शेवटी डॉटनेटचा पॅक त्याच ॲड-पॅकेज आज्ञेने.

ड्रायव्हर घालायचे असतील तर याच टप्प्यावर. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांवर सेटअपला डिस्कच दिसत नाही. व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर डिस्कमध्ये नसतो, हे त्याचं कारण. इंटेलच्या आरएसटी या व्हीएमडी ड्रायव्हरची मोकळी केलेली फोल्डर, म्हणजे जिच्यात आयएनएफ फाइल दिसते ती, अशी द्या:

डिस्म /इमेज:डी:\काम\माउंट /ॲड-ड्रायव्हर /ड्रायव्हर:डी:\काम\ड्रायव्हर /रिकर्स

ईएक्सई स्वरूपातला ड्रायव्हर असा बसत नाही. आणि हाच ड्रायव्हर बूट.विममध्येही (विंडोज टाकताना मशीन जिच्यावर सुरू होतं ती छोटी विंडोज) घालायचा. तिथे नसेल तर इन्स्टॉल.विममध्ये असून उपयोग नाही, कारण डिस्क शोधण्याचं काम बूट.विम करतं. डिस्प्ले आणि साउंडचे ड्रायव्हर कोंबू नका, ते विंडोज अपडेट करतं.

शेवटी जतन:

डिस्म /अनमाउंट-इमेज /माउंटडिर:डी:\काम\माउंट /कमिट

इथे ‘०एक्ससी१४२०११७’ आला तर ते फोल्डर कुठेतरी उघडं आहे: एक्सप्लोरर, दुसरी कमांड विंडो किंवा अँटिव्हायरस. सगळं बंद करून डिस्म /क्लीनअप-माउंटपॉइंट्स द्या. लाइट गेल्यावर मशीन परत सुरू केलं आणि ‘ही प्रतिमा आधीच माउंट आहे’ असा ‘०एक्ससी१४२०१२७’ आला तर आधी /गेट-माउंटेडइमेजइन्फो ने स्थिती पाहा. ‘नीड्स रीमाउंट’ असेल तर /रीमाउंट-इमेज ने ती परत हाताशी येते. कमिटच्या मधोमध वीज गेली असेल तर मोह टाळा. /कमिटच्या जागी /डिस्कार्ड देऊन सोडा आणि बाजूला ठेवलेल्या ‘पाया’ प्रतीपासून पुन्हा सुरू करा.

हे सगळं दुसऱ्या इंडेक्ससाठी पुन्हा. मग दोन्ही आवृत्त्या वर दिलेल्या एक्सपोर्ट आज्ञेने नव्या ‘इन्स्टॉल.विम’मध्ये काढा आणि ती ‘मूळ\सोर्सेस’मधल्या जुन्या फाइलच्या जागी ठेवा. ही पायरी आळसाने सोडू नका. माउंट-कमिट केलेल्या विममध्ये काढून टाकलेल्या फाइलींची जागा तशीच राहते. ती एक्सपोर्ट केल्यावरच सुटते, आणि फरक जीबीमध्ये दिसतो.

बूट.विम आणि सेटअप

सोर्सेसमधल्या बूट.विममध्ये दोन इंडेक्स असतात: १ म्हणजे साधी विंडोज पीई, २ म्हणजे सेटअप. दोन्हींत मासिक पॅक द्या, सफाई करा, कमिट करा. ड्रायव्हर दुसऱ्यात घाला.

दुसरा इंडेक्स माउंट असतानाच त्याच्या सोर्सेसमधून सेटअप.ईएक्सई आणि सेटअपहोस्ट.ईएक्सई या दोन फाइली, आणि विंडोज\बूट\ईएफआयमधून बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय आणि बूटएमजीआर.ईएफआय बाहेर काढून ठेवा. मग सेटअप डायनॅमिक अपडेटची कॅब ‘एक्सपांड’ आज्ञेला -एफ:* देऊन थेट ‘मूळ\सोर्सेस’वर मोकळी करा. त्यानंतर, आधी नाही, बाजूला काढलेल्या दोन सेटअप फाइली सोर्सेसमध्ये टाका. बूटएमजीएफडब्ल्यूचं नाव बदलून ती ‘ईएफआय\बूट\बूटएक्स६४.ईएफआय’च्या जागी ठेवा, आणि बूटएमजीआर.ईएफआय डिस्कच्या मुळाशी. बूट.विममधलं सेटअप एका आवृत्तीचं आणि सोर्सेसमधलं दुसऱ्या आवृत्तीचं असलं की विंडोज टाकणं मध्येच अडतं, आणि समोर येणारा संदेश भलत्याच गोष्टीकडे बोट दाखवतो.

हा टप्पा नको वाटत असेल तर बूट.विम आणि सेटअप दोन्ही मूळ स्थितीत ठेवा. नुसती इन्स्टॉल.विम नवी केलेली डिस्क सहसा व्यवस्थित चालते. अर्धं बूट.विम, अर्धं सेटअप असं मात्र करू नका.

पेनड्राइव्ह की आयएसओ

साध्या डीव्हीडीची ४.७ जीबी म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबात ४.३७. आजची विंडोज ११ त्यात मावत नाही. ८.५ जीबीची ड्युअल लेयर डीव्हीडी चालेल, पण सोळा जीबीचा पेनड्राइव्ह सोपा.

पेनड्राइव्हला अडचण वेगळी. यूईएफआय (नव्या मशीनमध्ये जुन्या बायोसच्या जागी आलेला प्रोग्रॅम) बूटसाठी एफएटी३२ हे फॉरमॅट लागतं आणि एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. इन्स्टॉल.विम त्याहून मोठी असते. म्हणून तिचे तुकडे करा:

डिस्म /स्प्लिट-इमेज /इमेजफाइल:डी:\काम\मूळ\सोर्सेस\इन्स्टॉल.विम /एसडब्ल्यूएमफाइल:डी:\काम\तयार\इन्स्टॉल.एसडब्ल्यूएम /फाइलसाइझ:३८००

बाकी सगळं पेनड्राइव्हवर कॉपी करून सोर्सेसमध्ये इन्स्टॉल.विमऐवजी हे तुकडे ठेवा. दोन्ही नकोत. सेटअप तुकडे स्वतः ओळखतं. रुफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह बनवणार असाल तर ते एनटीएफएस वापरून ही अडचण टाळतं, पण त्याला आयएसओ लागते.

आयएसओ बांधायला एडीकेचा ‘डिप्लॉयमेंट अँड इमेजिंग टूल्स’ प्रॉम्प्ट उघडा:

ओएससीडीआयएमजी -एम -ओ -यू२ -यूडीएफव्हर१०२ -बूटडेटा:२#पी०,ई,बीडी:\काम\मूळ\बूट\ईटीएफएसबूट.कॉम#पीईएफ,ई,बीडी:\काम\मूळ\ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट\ईएफआयसिस.बिन डी:\काम\मूळ डी:\काम\तयार\विन११.आयएसओ

बूटडेटानंतर कुठेही जागा सोडायची नाही. ‘बी’ अक्षराला ड्राइव्हचं अक्षर चिकटूनच येतं, ती छपाईची चूक नाही. पहिला भाग जुन्या बायोससाठी, दुसरा यूईएफआयसाठी. दुसरा चुकला तर डिस्क जुन्या मशीनवर चालते आणि नव्यावर काळी स्क्रीन येते.

गिऱ्हाइकाच्या मशीनला लावण्याआधी

गेट-इमेजइन्फो आज्ञेला /इंडेक्स:१ जोडून द्या. ‘सर्व्हिसपॅक बिल्ड’ समोरचा आकडा मासिक पॅकच्या पानावर लिहिलेल्या बिल्डच्या (विंडोजच्या नेमक्या आवृत्तीचा क्रमांक) शेवटच्या भागाशी जुळला पाहिजे. मूळच्या २६१०० पुढचा टिंबानंतरचा तो भाग. जुना आकडा दिसला तर पॅक बसलेला नाही किंवा कमिट राहिलं. यादीत एखादा पॅक ‘इन्स्टॉल पेंडिंग’ दिसणं मात्र चूक नाही, पहिल्या बूटला तो पूर्ण होतो.

मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) आयएसओ लावून एकदा पूर्ण विंडोज टाका. व्हर्च्युअल मशीनला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू ठेवा, नाहीतर विंडोज ११ तिथेच नकार देईल. आत गेल्यावर ‘विनव्हर’ने बिल्ड पाहा आणि विंडोज अपडेट चालवा. डिफेंडरच्या व्याख्या आणि ड्रायव्हर ते मागेलच, पण मासिक पॅक मागायला नको. मागितला तर वर काहीतरी चुकलंय.

विंडोज १० आणि ७

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी विंडोज ११ च्या अटीत न बसणारी हजारो मशीन शाळांच्या लॅबमध्ये आहेत. २२एच२ ची डिस्क असेल तर वरचीच कृती, चेकपॉइंट वगळून. डिस्क त्याहून जुनी, मार्च २०२२ च्या आधीची असेल तर मासिक पॅक ‘०एक्स८००एफ०८२३’ दाखवून नाकारला जातो. म्हणजे सर्व्हिसिंग स्टॅक जुना आहे. मे २०२२ चा सुटा स्टॅक केबी५०१४०३२ आधी बसवा, मग मासिक पॅक. २००४ ते २१एच२ ला २२एच२ करायचं असेल तर मासिक पॅकनंतर केबी५०१५६८४ हा छोटा पॅक.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. नेटला न लागणाऱ्या, एखाद्या जुन्या यंत्राला जोडलेल्या पीसीसाठीच ती टाकावी. सर्व्हिस पॅक १ असलेल्या डिस्कमध्ये क्रम असा: केबी३०२०३६९, मग २०१६ चा मोठा गठ्ठा केबी३१२५५७४, मग केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९. शेवटचे दोन पॅकवरची एसएचए-२ ही नवी डिजिटल सही ओळखण्यासाठी आहेत, ते नसतील तर २०१९ नंतरचा कोणताही पॅक बसत नाही. फक्त यूएसबी ३ असलेल्या मशीनवर सेटअपमध्ये कीबोर्ड-माउस मरतात, म्हणून यूएसबी ३ चा ड्रायव्हर बूट.विमच्या दुसऱ्या इंडेक्समध्ये आणि इन्स्टॉल.विममध्ये घाला.

डिस्क दर महिन्याला नवी करायची गरज नाही. तीन महिन्यांतून एकदा पुरे, पाया प्रत तयार असल्याने तो एका सकाळचा उद्योग आहे. पेनड्राइव्हला कागदी चिठ्ठी चिकटवून आवृत्ती, बिल्ड आणि महिना लिहा. ड्रॉवरमध्ये सारख्या दिसणाऱ्या चार पेनड्राइव्हांतला दोन वर्षांपूर्वीचाच नेमका हाताला लागतो.